बाळंतविड्यासाठी पहिलं विणकाम

विणकाम शिकायचं ठरवलं की पुष्कळ जणी थेट मोठ्या माणसाच्या स्वेटरला हात घालतात. पाठ होते, पुढा निम्म्यावर येतो, तोवर थंडी सरते आणि पिशवी कपाटाच्या वरच्या खणात जाऊन पडते. त्यापेक्षा बाळाच्या वस्तूंनी सुरुवात करा. बाळाचं डोकं ओंजळीत मावतं, पाऊल आपल्या मधल्या बोटाएवढं असतं. टोपी आठवड्याभरात होते, पायमोजे तीन-चार संध्याकाळींत. चुकलं तर उसवायला जीव तुटत नाही, कारण उसवायचं असतंच किती! आणि रंगांची हौस भागते ती इथेच. मोठ्या माणसाला पोपटी, शेंदरी, हळदी असे पट्टे एकावर एक घालायला सांगून बघा.

आपल्याकडे बाळंतविड्याची पद्धत जुनी आहे. टोपडं, झबलं, दुपटं, कुंची, सगळं घरी शिवलेलं किंवा विणलेलं, एका टोपलीत मांडून बारशाला न्यायचं. आता तयार संच विकत मिळतात, पण त्यातली एखादी वस्तू आपल्या हातची असली की बाळंतीण ती हातात घेऊन जरा वेळ बघते. तो क्षण मला फार आवडतो.

खाली तीन वस्तू दिल्या आहेत, चौथी धाडसाची. त्याच क्रमाने करा. पहिल्या वस्तूत एकच टाका लागतो, दुसरीत दुसरा टाका येतो, तिसरीत आकार द्यायला शिकता.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगते, कारण पुढची प्रत्येक सूचना तिच्यातूनच निघाली आहे. विणताना आपण सुलट बाजू बघत असतो, बाळाच्या अंगाला लागते ती उलट बाजू. गाठी, लोंबते दोरे, शिवणीची जाड रेघ, सगळं तिकडेच असतं. माझ्या भाचीला मी पहिल्यांदा दुरंगी पायमोजे विणले, तेव्हा आतल्या बाजूला एका रंगाचा दोरा तसाच लांब सोडला होता. वरून नक्षी सुरेख दिसत होती. दुपारी बाळ रडायला लागलं, दूध घेईना, पोट चोळलं तरी थांबेना. शेवटी बहिणीने मोजा काढला तर करंगळीशेजारच्या बोटाभोवती तो दोरा गुंडाळला गेला होता आणि बोट लाल झालं होतं. वेळेत बघितलं म्हणून निभावलं. दोरा किंवा केस बोटाला आवळून रक्तपुरवठा थांबण्याचा प्रकार तान्ह्या बाळांमध्ये खरोखर होतो, डॉक्टर तो चांगला ओळखतात. तेव्हापासून कुठलीही वस्तू झाली की मी ती उलटी करून आधी आतून बघते.

सामान

लोकर घ्यायला जाल तेव्हा दुकानदार आधी विचारेल, ‘बेबी वूल का?’ बहुतेक ठिकाणी बेबी वूल म्हणजे मऊ ॲक्रिलिक. त्यात लोकर नसते, पण बाळासाठी ते सोयीचं आहे. टोचत नाही, मशीनमध्ये धुता येतं, पटकन वाळतं, रंग भरपूर मिळतात. खरी लोकर उबदार असते, पण काही बाळांच्या कातडीला ती खाजते आणि गरम पाण्यात पडली की आटून घट्ट होते. नव्या आईकडे कपडे हाताने वेगळे धुवायला वेळ नसतो, म्हणून भेटवस्तूसाठी ॲक्रिलिक किंवा सुती दोरा बरा. मुंबई-कोकणच्या हवेत तर सुतीच. नाशिक-पुण्याकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी असेल, किंवा बाळ अमेरिकेत-इंग्लंडमध्ये असेल आणि आजी बॅगेत भरून नेणार असेल, तर ॲक्रिलिक.

मऊपणा हाताच्या बोटांनी ठरवू नका. आपली बोटं भांडी घासून, चिरून-निवडून राठ झालेली असतात. गुंडा गळ्याला, कानाखाली लावून बघा. तिथे जरासुद्धा टोचलं तर परत ठेवा. लांब लव असलेली, चमकीचा दोरा असलेली लोकर कितीही गोड दिसली तरी नको. तिचे तंतू बाळाच्या तोंडात जातात.

जाडी ‘डबल निटिंग’ म्हणजे मध्यम घ्या. बारीक दोऱ्याने वस्तू नाजूक होते, पण शिकणाऱ्याचा धीर सुटतो.

सुया ८ नंबरच्या. इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. आपल्याकडच्या दुकानांत सुयांचे जुने इंग्लंडातले नंबर चालतात आणि ते उलटे असतात. नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, १२ नंबर म्हणजे २.७५ मिलिमीटर. परदेशी नमुना बघून विणणार असाल तर मिलिमीटर बघा, नंबर बघू नका. सुरुवातीला बांबूच्या सुया मिळाल्या तर उत्तम, त्यांच्यावरून टाके घसरत नाहीत. ॲल्युमिनियमच्या सुया स्वस्त आणि टिकाऊ असतात, त्याही चालतील.

याशिवाय बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई, मोजपट्टी, कात्री आणि टाका गळाला तर उचलायला एक क्रोशाची सुई. झालं सामान. पुण्यात तुळशीबागेत किंवा मुंबईत दादरला एका फेरीत सगळं मिळतं.

गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉटचा क्रमांक असतो. मुख्य रंगाचे सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या. दुकानातल्या दिव्याखाली सारखे दिसणारे दोन गुंडे घरी उन्हात वेगळे निघतात. आणि पट्टी टाकून देऊ नका, धुण्याच्या सूचना तिच्यावरच असतात.

रंग कसे निवडायचे

गुलाबी-निळ्याच्या पलीकडे जा, एवढंच मला सांगायचं आहे. नुकत्या जन्मलेल्या बाळाला गडद आणि फिका यांतला ठळक फरक सगळ्यात आधी कळतो, रंग नीट ओळखायला चार-पाच महिने जावे लागतात. म्हणजे फिकट गुलाबी आणि फिकट पिवळा शेजारी ठेवले तर बाळाच्या लेखी ते एकच. त्याऐवजी पांढऱ्याशेजारी गडद निळा, हळदी पिवळ्याशेजारी जांभळा असा जोड ठेवा.

मी तीन रंग घेते. एक गडद, एक उजळ, आणि एक पांढरा किंवा मोतिया. तीन गुंडे हातात धरून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढते. त्यात तिन्ही वेगवेगळे दिसले तर पट्टे उठून दिसतात. दोन सारखेच करडे आले तर एक बदलते.

काळ्याबद्दल घरच्यांना विचारून घ्या. बारशाच्या भेटीत काळा रंग काही घरांत आवडत नाही. पण त्याच बाळाच्या पहिल्या संक्रांतीला, बोरन्हाणाला काळं झबलं लागतंच. तेव्हा हलव्याच्या दागिन्यांबरोबर काळी टोपी आणि तिला लाल-पिवळी किनार काय दिसते म्हणून सांगू! ती वेगळी विणा.

आणखी एक घरगुती गोष्ट. बाळ जन्माला येण्याआधी नवीन काही आणू नये, असं अजूनही पुष्कळ घरांत मानतात. विणायला आधी बसा, पण वस्तू आपल्याच घरी ठेवा आणि बारशाला द्या.

दोन टाके, बाकी सगळी त्यांचीच नातवंडं

टाके घालणे. दोऱ्याच्या टोकापासून वीतभर अंतरावर सरकगाठ मारा आणि डाव्या सुईवर चढवा. हा पहिला टाका. उजव्या सुईचं टोक त्या टाक्यात पुढून मागे घाला. दोरा मागच्या बाजूला असतो, तो उजव्या सुईच्या टोकावरून एक फेरा देऊन घ्या आणि त्या फेऱ्याचा फास सुईने टाक्यातून पुढे ओढा. आता हा नवा फास डाव्या सुईवर चढवून द्या. दोन टाके झाले. असंच पुढे.

सुलट टाका हीच कृती आहे, फक्त शेवट वेगळा. फास पुढे ओढल्यावर तो उजव्याच सुईवर राहू द्या आणि डाव्या सुईवरचा जुना टाका सोडून द्या.

उलट टाक्यात दोरा पुढे, आपल्याकडे असतो. उजवी सुई टाक्यात उजवीकडून, समोरूनच घाला, दोरा टोकावरून फिरवा, फास मागच्या बाजूला ढकला, जुना टाका सोडा.

दोन्ही बाजूंनी सगळ्या ओळी सुलट विणल्या की आडव्या उंचवट्यांची, जाडसर, न मुडपणारी वीण येते. एक ओळ सुलट, एक उलट अशी विणली की एका बाजूला गुळगुळीत इंग्रजी व्ही अक्षरांच्या रांगा येतात. जुन्या जाणत्या बायका ओळीला ‘सुई’ म्हणतात. ‘चार सुया सुलट घाल’ असं कुणी सांगितलं तर चार ओळी समजायच्या.

टाके बंद करताना दोन टाके सुलट विणा, पहिला दुसऱ्यावरून उचलून पलीकडे टाका. एक उरतो. पुढचा विणा, आधीचा त्याच्यावरून टाका. शेवटच्या टाक्यातून दोरा ओवून घ्या. हे सैल हाताने करा. घट्ट बंद केलेला मोजा बाळाच्या टाचेवरून चढत नाही.

पहिले दोन दिवस नुसते २० टाके घालून सुलट विणत बसा. टाके सुईवर करकचून बसत असतील तर तुम्ही दोरा ओढताय. टाका सुईच्या निमुळत्या टोकाजवळ विणला तर घट्ट होतो, जाड भागावर नेऊन विणा. दर दोन ओळींनी टाके मोजा. वाढले असतील तर बहुधा ओळीच्या सुरुवातीला दोरा सुईवरून मागे टाकला गेला आणि पहिला टाका दुहेरी दिसून तुम्ही तो दोनदा विणलात. कमी झाले तर कुठेतरी एक गळलाय. तो खाली शिडीसारखा उतरलेला दिसेल. क्रोशाची सुई त्या फासात घालून शिडीची एकेक पायरी वर ओढून घ्या.

पहिली वस्तू: अंग पुसायचं मऊ फडकं

हे सुती दोऱ्याचं करा, ५० ग्रॅमचा एक गुंडा पुरतो. बाळाच्या आंघोळीनंतर मांडीतल्या, मानेतल्या वळ्या टिपायला, दूध पुसायला याच्यासारखं काही नाही. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं विणायचं आहे.

४ टाके घाला. एक ओळ सुलट विणा.

आता दर ओळीला असं करा: २ टाके सुलट, मग दोरा दोन्ही सुयांच्या मधून पुढे घ्या आणि तसाच ठेवून पुढचा टाका सुलट विणा, म्हणजे सुईवर एक जादा फेरा पडेल. राहिलेले सगळे टाके सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि कडेला छोट्या जाळीची रांग तयार होते.

५६ टाके झाले की थांबा. आता कमी करायचे: १ सुलट, दोन टाके एकत्र सुलट (दोन्हींत एकदम सुई घालून एकच टाका विणा), दोरा पुढे घेऊन फेरा, पुन्हा दोन टाके एकत्र, बाकी सुलट. दर ओळीला एक टाका कमी होतो. ४ उरले की बंद करा. साधारण २० सेंटिमीटरचा चौकोन हातात येतो.

रंग बदलायचा तर सम ओळी झाल्यावर, नेहमी एकाच बाजूने बदला. सगळ्या सुलट ओळींच्या विणीत रंग बदलतो तिथे मागच्या बाजूला दुरंगी ठिपक्यांची रेघ येते. बाजू चुकली तर ती पुढे दिसते. काही जण मुद्दाम ती पुढे ठेवतात, तीही छान दिसते, पण मग सगळ्या पट्ट्यांना तशीच हवी.

दोऱ्याची टोकं १५ सेंटिमीटर तरी सोडा. शेवटी ती बोथट सुईत ओवून त्याच रंगाच्या पट्ट्यात पाच-सहा सेंटिमीटर एका दिशेने आणि मग उलट दिशेने दोन-तीन सेंटिमीटर न्या, मगच कापा. गाठ मारून कापू नका. गाठ टोचते, आणि सुती दोऱ्याची गाठ चार धुण्यांत सुटतेही.

दुसरी वस्तू: पट्ट्यांची टोपी

ही तीन ते सहा महिन्यांच्या बाळाची. जन्मतः डोक्याचा घेर ३३ ते ३६ सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि तीन महिन्यांत तो ४० च्या घरात जातो. नवजात मापाची टोपी विणलीत तर बारशाला दिल्यावर महिनाभरात ती लहान होते. जरा मोठीच द्या.

आधी नमुना विणायचा. कंटाळा येतो, मान्य आहे, पण हा कंटाळा केला की टोपी फसते. ८ नंबरच्या सुईवर २६ टाके घाला, एक सुलट एक उलट अशा ३० ओळी विणा, सपाट ठेवून मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. २२ यायला हवेत. २० आले तर तुमचा हात सैल आहे, ९ नंबरची सुई घ्या. २४ आले तर ७ नंबरची. दोन टाक्यांच्या फरकाने टोपीच्या घेरात तीन-चार सेंटिमीटर इकडे-तिकडे होतात. टोपी डोक्यापेक्षा थोडी लहानच विणतात, ताणून बसते म्हणून. इथे ८२ टाक्यांना साधारण ३७ सेंटिमीटर येतात.

८२ टाके घाला, गडद रंगात.

काठ, ८ ओळी. पहिली ओळ: २ सुलट, २ उलट असं करत जा, शेवटी २ सुलट येतील. दुसरी ओळ: २ उलट, २ सुलट, शेवटी २ उलट. याच दोन ओळी आलटून पालटून. सुलटवर सुलट आणि उलटवर उलट बसतंय ना, एवढं बघत राहा. सुलट-उलटमध्ये जाताना दोरा प्रत्येक वेळी सुयांच्या मधून पुढे-मागे न्यायचा, सुईवरून नाही.

अंग. आता एक ओळ सुलट, एक उलट. पट्टे चार-चार ओळींचे ठेवा. चार ओळींपर्यंत जुना दोरा कापायची गरज नाही. तो कडेने सैलसर वर न्या आणि दर दोन ओळींनी चालू दोऱ्याला एक पीळ द्या. तीन रंग फिरवत असाल तर मात्र कापा, नाहीतर कड आवळते. एकाच ओळीत दोन रंग घेऊन केलेली नक्षी अजून नको. तिच्या मागे सुटे दोरे राहतात, आणि बोटांच्या वस्तूंत ते काय करतात ते वर सांगितलंच. आडव्या पट्ट्यांच्या मागे असा सुटा दोरा नसतो, म्हणून बाळासाठी मला पट्टेच आवडतात. काठाच्या खालच्या कडेपासून मोजून ११ सेंटिमीटर होईपर्यंत विणा. शेवटची ओळ उलट असू द्या.

माथा. १ सुलट, मग (८ सुलट, दोन एकत्र) असं आठ वेळा, शेवटी १ सुलट. ७४ टाके उरतील. पुढची ओळ उलट. मग कंसातले ८ चे ७ करा, उरतील ६६. उलट ओळ. मग ६, उरतील ५८. असंच दर सुलट ओळीला एकेक कमी करत कंसात ‘१ सुलट, दोन एकत्र’पर्यंत या. १८ टाके उरतील. एक उलट ओळ, मग सगळी ओळ दोन-दोन एकत्र. ९ टाके. दोरा हातभर ठेवून कापा, बोथट सुईत ओवून नऊही टाक्यांतून काढा, खेचा. माथा फुलासारखा मिटतो. पहिल्यांदा हे होताना मी दोनदा सैल करून दोनदा खेचून पाहिलं होतं, इतकं ते बघायला छान वाटतं.

त्याच दोऱ्याने कडा शिवा. दोन्ही कडा शेजारी-शेजारी सपाट ठेवून एकदा इकडचा, एकदा तिकडचा आडवा धागा उचलत या, म्हणजे शिवण आत फुगत नाही. बाळ पाठीवर निजलेलं असतं, मानेमागची जाड शिवण त्याला रुतते. घालताना शिवण एका बाजूला, कानामागे ठेवायला सांगा.

टोपीवर गोंडा लावायचा मोह होतो. वर्षाच्या आतल्या बाळासाठी नको. गोंड्याचे धागे उपटून तोंडात जातात. मणी, मोती, बटणं यांचंही तेच. सजावट हवीच असेल तर जाड दोऱ्याने टोपीवरच पानं-फुलं भरा आणि मागची बाजू तपासा. टोपड्याची हनुवटीखालची नाडीही मी आता लावत नाही, गळ्याभोवती दोरी नको म्हणून. काठ नीट ताणला जात असेल तर नाडीवाचून टोपी कानांवर राहते.

तिसरी वस्तू: पायमोजे

एक गुंडा दोन्ही पायांना पुरून उरतो. तळव्यापासून वर विणायचे, दोन्ही सारखेच, डावा-उजवा फरक नाही.

८ नंबरवर ३६ टाके. १४ ओळी सगळ्या सुलट.

चवडा: १४ सुलट, दोन एकत्र चार वेळा, १४ सुलट. ३२ टाके. एक ओळ सुलट. मग १२ सुलट, दोन एकत्र चार वेळा, १२ सुलट. २८ टाके. एक ओळ सुलट. मग १० सुलट, दोन एकत्र चार वेळा, १० सुलट. २४ टाके. एक ओळ सुलट.

घोटा: दुसरा रंग लावा. पहिली ओळ सगळी सुलट, नंतर १ सुलट १ उलट असा काठ १४ ओळी. अगदी सैल हाताने बंद करा.

मधोमध दुमडा, तळवा आणि टाच एका ओळीत शिवा. इथे मी शिवण मुद्दाम बाहेरच्या बाजूने, सपाट घालते. तळव्याखाली ती दिसत नाही आणि आत बाळाच्या पावलाला काही लागत नाही. पाऊल साधारण ८ सेंटिमीटर होतं, पहिल्या तीन महिन्यांना बरोबर. त्यापुढच्या बाळासाठी सुरुवातीला ४० टाके घ्या आणि चवड्याच्या ओळींत दोन्ही कडांना दोन-दोन टाके वाढवा.

झाल्यावर मोजा उलटा करा, आपलं बोट आत घालून गोल फिरवा. कुठेही बोट दोऱ्यात अडकलं तर तो दोरा पुन्हा ओवून आत न्या. हातमोज्यांनाही हाच नियम. हातमोजे मी फारसे विणत नाही, बाळ आपली बोटं चोखूनच जग ओळखतं.

चौथी: दुपटं, धीर असेल तर

नवीन काही शिकायचं नाही. पहिलं फडकंच मोठं करायचं. बाजू ७५ सेंटिमीटर हवी तर मधला कर्ण १०६ सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे साधारण २२० टाके. एवढे टाके सरळ सुईवर मावत नाहीत, वायर असलेली गोल सुई घ्या आणि तिच्यावरच पुढे-मागे फिरत विणा. ३५० ते ४०० ग्रॅम लोकर लागेल. उरलेल्या गुंड्यांचं दुपटं याच पद्धतीने फार रंगीत होतं, फक्त सगळी लोकर एका जाडीची आणि एकाच जातीची असू द्या. सुती आणि ॲक्रिलिक एकत्र विणलं तर धुतल्यावर एक भाग ओढला जातो. मला एका दुपट्याला दोन महिने लागतात, सातव्या महिन्याच्या डोहाळजेवणाहून परत आले की त्याच आठवड्यात टाके घालते.

झोपताना काय

हे द्यायच्या वेळी बाळंतिणीला आणि तिच्या आईला-सासूला सांगायलाच हवं. आपल्याकडे कान बांधून, गुंडाळून निजवायची सवय आहे. पण बाळाच्या अंगातली उष्णता डोक्यातून बरीच बाहेर पडते. टोपी घालून झोपवलं की ते तापू शकतं, टोपी सरकून नाकावरही येऊ शकते. निरोगी बाळ घरात झोपलेलं असताना टोपी नको, आणि पहिलं वर्षभर अंथरुणात सुटं दुपटंही नको, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाचं वेगळं असतं, तिथे डॉक्टर सांगतील तसं. टोपी बाहेर नेताना, दुपटं कडेवर घेताना, बाबागाडीत जागं असताना, किंवा खाली अंथरून पालथं खेळवताना. रंगीत पट्ट्यांवर पालथं घातलेलं बाळ मान उचलून ते पट्टे बघत राहतं.

धुवून, घडी घालून

देण्याआधी वस्तू धुवा. विणताना ती आपल्या मांडीवर, सोफ्यावर, लोकलमध्येसुद्धा फिरलेली असते. सौम्य साबण, कोमट पाणी, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट पसरून सावलीत वाळवा. दोरीवर टाकली तर ओल्या वजनाने लांबते. पहिल्या धुण्यात गडद रंग पांढऱ्यावर उतरतो का, तेही आपल्याच घरी कळतं. ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवू नका, ते वितळून चपटं आणि चमकदार होतं, पुन्हा फुलत नाही.

वस्तू ठेवायची असेल तर डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. त्यांतलं नॅफ्थलीन कपड्यात मुरतं आणि ज्या बाळांना जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटू लागतात, कावीळ वाढते. बाळाला ही कमतरता आहे की नाही, हे बारशापर्यंत घरात कुणाला ठाऊक असेलच असं नाही. सुकवलेली कडुलिंबाची पानं मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवा, पुरे.

टोपीत मी एक पुठ्ठ्याचा तुकडा ठेवते. त्यावर प्रत्येक रंगाची दोन-दोन मीटर लोकर गुंडाळलेली, आणि मागे लिहिलेलं: ॲक्रिलिक, थंड पाण्यात, सपाट वाळवणे, झोपताना काढणे. बाळ आधाराने उभं राहू लागलं की मोज्याचा चवडा सगळ्यात आधी विरतो, तेव्हा ही लोकर लागते. भाचीचे ते दुरंगी मोजे बहिणीने टाकले नाहीत. मी आतला दोरा टाक्याटाक्याला अडकवून घेतला, टाच नव्याने विणली, आणि तीन वर्षांनी ते तिच्या धाकट्या भावाच्या पायात गेले.